ऑडिओचा वेबएम केला. आवाज येतो, चित्र मात्र येत नाही

लक्षणं साधारण अशी असतात. हातात एक एमपी३ किंवा वेव्ह फाइल आहे, सोबत एक स्थिर चित्र आहे, आणि दोन्ही मिळून एक वेबएम व्हिडिओ, म्हणजे खुल्या, रॉयल्टीमुक्त स्वरूपातला व्हिडिओ, करायचा आहे. एफएफएमपेग (कमांड देऊन ऑडिओ-व्हिडिओ बदलणारा प्रोग्राम) चालवलं, कुठेही एरर दिसली नाही, फाइल तयार झाली, आपल्या संगणकावर छान चाललीसुद्धा. मग ती कोणाला तरी पाठवली आणि तिकडून निरोप आला की आवाज येतोय पण पडदा काळा आहे. किंवा भाषण ४३ मिनिटांचं आणि व्हिडिओ त्याहून बराच लांब. किंवा मधूनच ऐकायला पुढे सरकवलं की चाक फिरत राहतं. एखादा पर्याय बदलून तेवढं दुखणं जातं, आणि पुढच्या फाइलला दुसरंच काहीतरी उपटतं.

जुनी भाषणं आणि अभिवाचनं खुल्या स्वरूपात जपून ठेवायचं काम मी करतो, त्यामुळे ही सगळी लक्षणं पुष्कळदा पाहिली आहेत. हा त्रास परत परत का येतो याबद्दल माझं मत आता पक्कं झालं आहे. आवाजाचं रूपांतर, चित्राचा व्हिडिओ आणि दोन्हींची जोडणी ही तीन वेगळी कामं आहेत, आणि इंटरनेटवरून उचललेली एका ओळीची कमांड ती तिन्ही एकदम करायला जाते. त्यातलं कोणतं फसलं ते शेवटी कळतच नाही. म्हणून खालचं सगळं एकाच क्रमाने जातं: आवाज आधी निकालात काढायचा, चित्र नंतर.

लिहिण्याबद्दल एक सूचना. कमांड आणि पर्यायांची नावं मी देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टंकायची, प्रत्येक पर्यायाच्या आधी एक आडवी रेघ देऊन. ‘आय’, ‘टी’, ‘जी’ असं लिहिलं असेल तिथे ते एकच अक्षर समजायचं.

व्हिडिओ खरंच हवा आहे का?

बऱ्याच वेळा नको असतो. विकिमीडिया कॉमन्स या खुल्या फाइलींच्या भांडारावर एमपी४ घेत नाहीत, एवढं ऐकून लोक नुसत्या आवाजाचाही वेबएम व्हिडिओ करायला बसतात. पण तिथे ओपस, ऑग व्हॉर्बिस, फ्लॅक आणि वेव्ह या आवाजाच्या फाइली थेट चढतात. एमपी३सुद्धा चालतं, कारण त्याच्या पेटंटचा परवाना कार्यक्रम २०१७ मध्ये संपला. आवाजाला आवाज म्हणूनच ठेवता येत असेल तर तसंच ठेवा. व्हिडिओ करायचा तो समोरची जागा फक्त व्हिडिओच घेत असेल तर, किंवा चित्रात खरोखर काही सांगायचं असेल तर.

दुसरा घोटाळा याच्या उलटा. वेबएम हा आवाज-चित्र ठेवायचा डबा आहे आणि त्यात नुसता आवाजही राहू शकतो. एमपी३ देऊन फाइलचं नाव वेबएम ठेवलं तर एफएफएमपेग मुकाट्याने फक्त ओपस आवाज असलेला वेबएम बनवून देतं. तुम्हाला वाटतं व्हिडिओ झाला, आणि जिथे तो चढवायचा ती जागा म्हणते यात व्हिडिओच नाही. तिचं बरोबर असतं. व्हीएलसीच्या ‘कन्व्हर्ट’मध्येही हेच होतं. हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या प्रोग्रामला नुसती ऑडिओ फाइल दिली तर ते उघडायलाच नकार देतं, कारण त्याला आत व्हिडिओचा ट्रॅक लागतो. म्हणजे बिघाड तिथे नाही, त्या साधनाचं ते कामच नाही.

आधी फाइलला विचारा

काहीही बदलण्याआधी बिघडलेल्या फाइलवर एफएफप्रोब चालवा. ते एफएफएमपेगसोबतच येतं, त्याला फक्त फाइलचं नाव द्यायचं. जे छापून येतं त्यात ‘स्ट्रीम’ने सुरू होणाऱ्या ओळी शोधा. चांगल्या वेबएममध्ये अशा दोन ओळी असतात, एक व्हिडिओची आणि एक ऑडिओची. व्हिडिओच्या ओळीत व्हीपी८, व्हीपी९ किंवा एव्ही१ असायला हवं, ऑडिओच्या ओळीत व्हॉर्बिस किंवा ओपस. ही सगळी कोडेकची नावं आहेत, म्हणजे चित्र किंवा आवाज दाबून साठवायच्या पद्धतींची. वेबएममध्ये एवढंच चालतं. हा डबा २०१० मध्ये गूगलने मात्रोस्का (एमकेव्ही) या आधीच्या डब्याच्या पायावर उभा केला तेव्हा फक्त व्हीपी८ आणि व्हॉर्बिस होते, व्हीपी९ आणि ओपस २०१३ पासून आले, एव्ही१ त्यानंतर.

आणि म्हणूनच ‘सी कॉपी’ करून एमपी३ किंवा एएसी जसाच्या तसा वेबएममध्ये घालता येत नाही. एफएफएमपेग थांबतं आणि नेमके कोणते कोडेक चालतील ते सांगतं, पण पुष्कळांना त्या ओळीपर्यंत पोचायचा धीर नसतो. मागे शून्य बाइटची एक फाइल उरते आणि तीच चढवली जाते. काही जण यातून पळवाट काढतात: एमकेव्ही बनवायचा, कारण त्यात सगळं मावतं, आणि नंतर फाइलचं नाव वेबएम करायचं. कृपा करून हे करू नका. नाव बदललं तरी आतला माल तोच राहतो, आणि तपासणारी प्रत्येक यंत्रणा आतला मालच बघते.

एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. ‘विड्थ नॉट डिव्हिजिबल बाय टू’ अशी तक्रार आली, म्हणजे चित्राची रुंदी विषम आहे, तर चित्र कापायला धावू नका. ही तक्रार एच.२६४ (एमपी४मधला नेहमीचा व्हिडिओ कोडेक) बनवणाऱ्या एन्कोडरची असते. व्हीपी९ विषम मापं चालवून घेतो. म्हणजे ती ओळ दिसली याचा अर्थ तुमच्याकडून व्हीपी९ बनतच नव्हता. बहुधा बाहेर पडणाऱ्या फाइलचं नाव एमपी४ किंवा एमकेव्ही ठेवलं असेल आणि एफएफएमपेगने नावावरून स्वतःच कोडेक ठरवला असेल. रॉयल्टीमुक्त स्वरूप हवं असेल तर कोडेक नेहमी स्वतः सांगायचा.

आवाज निकालात काढा

पहिली कमांड एवढीच:

एफएफएमपेग -आय भाषण.एमपी३ -मॅप ०:ए:० -सी:ए लिबओपस -बी:ए ६४के भाषण.ओपस

यातला ‘मॅप’ महत्त्वाचा आहे. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक एमपी३ फाइलींत कव्हरचं चित्र चिकटवलेलं असतं आणि एफएफएमपेगच्या दृष्टीने ते चित्र म्हणजे एका फ्रेमचा व्हिडिओ. एफएफप्रोबमध्ये ते एमजेपेग म्हणून दिसतं, शेवटी कंसात ‘अटॅच्ड पिक’ असतं. अशी फाइल सरळ वेबएममध्ये बदलली की ते कव्हर व्हीपी९ बनून आत जाऊन बसतं, एकच फ्रेम, शून्याव्या सेकंदाला. काही प्लेअर तीच फ्रेम शेवटपर्यंत दाखवतात, काही पुढच्या फ्रेमची वाट बघत अडकतात. कव्हर नसलेल्या फाइली नीट होतात आणि असलेल्या बिघडतात, म्हणून हा दोष लहरी वाटतो. ‘०:ए:०’ म्हणजे पहिल्या फाइलमधला पहिला आवाज, बाकी काही नको. तेवढ्याने प्रश्न मिटतो.

एन्कोडर निवडताना ‘लिबओपस’ असं पूर्ण नाव द्या. एफएफएमपेगमध्ये त्याचा स्वतःचाही एक ओपस एन्कोडर आहे, पण तो अजून प्रायोगिक गटात आहे. व्हॉर्बिसचंही तसंच: ‘लिबव्हॉर्बिस’ म्हणा, घरचा एन्कोडर दोनच चॅनेलचा आवाज घेतो.

ओपस झाल्यावर सॅम्पलिंगचा आकडा, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले तो, ४४१०० चा ४८००० झालेला दिसेल. हे बघून लोक घाबरतात, मी काहींना तो परत ४४१०० करण्यासाठी धडपडताना पाहिलं आहे. ओपसमध्ये ४४१०० नाहीच. ८, १२, १६, २४ आणि ४८ किलोहर्ट्झ एवढेच दर त्याला ठाऊक आहेत, आणि उलगडताना तो ४८ ने उलगडतो. आवाजाची पट्टी किंवा वेग यात बदलत नाही. हा आकडा तसाच राहू द्या.

बिटरेट, म्हणजे आवाजाच्या एका सेकंदाला किती बिट द्यायचे तो आकडा, किती ठेवायचा? ओपस ६ पासून ५१० किलोबिटपर्यंत जातो. बोलण्यासाठी एका चॅनेलला ३२ माझ्या कानाला पुरतो, दोन चॅनेलला ६४, संगीताला ९६ ते १२८. ४३ मिनिटांचं भाषण ६४ ने साधारण २१ एमबी होतं. मूळ फाइल एमपी३ असेल तर ३२० किलोबिट देऊन काही परत मिळत नाही, एमपी३ने जे टाकून दिलं ते गेलं.

आणि मूळ आवाज आधीच ओपस असेल तर तो मुळीच पुन्हा एन्कोड करू नका. व्हॉट्सॲपवरचे आवाजी निरोप ओपसच असतात, ऑगच्या डब्यात. ते थेट पुढच्या पायरीत ‘सी:ए कॉपी’ने नेता येतात. एकदा दाबलेला आवाज पुन्हा दाबला की तो खरखरीत होतो, आणि बोलण्यातले ‘स’, ‘श’, ‘च’ सगळ्यात आधी खराब होतात.

चित्रपटातून किंवा कॅमेऱ्यातून काढलेल्या सहा चॅनेलच्या आवाजावर लिबओपस कधीकधी अडतो आणि ‘५.१ साइड’ ही मांडणी चालणार नाही असं सांगतो. भाषण असेल तर ‘एसी २’ घालून दोन चॅनेल करा आणि पुढे चला.

ही पायरी झाली की फाइल पूर्ण ऐका. निदान सुरुवात, मध्य आणि शेवट तरी. इथे आवाज बरोबर असेल तर यापुढे आवाजावर संशय घ्यायचा नाही.

संपतच नाही, किंवा उशिरा संपतो

स्थिर चित्राचा व्हिडिओ करायचा तर चित्र पुन्हा पुन्हा वाचायला सांगावं लागतं. ते काम ‘लूप १’ करतो. हा पर्याय चित्राच्या ‘आय’ आधी यायला हवा, कारण एफएफएमपेगमध्ये पर्याय त्याच्या पुढच्या फाइलला लागू होतो. चुकून तो ऑडिओच्या आधी पडला तर ‘ऑप्शन लूप नॉट फाउंड’ येतं. लोकांना वाटतं आपल्याकडची आवृत्ती जुनी आहे, आणि ते सगळं काढून नव्याने बसवतात. फक्त जागा चुकलेली असते.

लूप लावलं की चित्राला अंत उरत नाही. कुठे थांबायचं हे सांगितलंच नाही तर एफएफएमपेग थांबत नाही. मी एकदा ४३ मिनिटांचं रेकॉर्डिंग रात्री लावून ठेवलं होतं. सकाळी टर्मिनलमधला वेळ ११ तासांच्या पुढे गेला होता आणि फाइल वाढतच होती. आवाज ४३व्या मिनिटाला संपलेला, नंतर सगळं तेच ते चित्र.

यावर सगळीकडे सापडणारा उपाय ‘शॉर्टेस्ट’ आहे, म्हणजे सगळ्यात छोटा ट्रॅक संपला की थांब. तो थांबतो खरा, पण नेमका नाही. एन्कोडर आणि डबा बांधणारा भाग दोघांच्याही हातात काही फ्रेम साठलेल्या असतात, आणि फ्रेमचा वेग जितका कमी तितक्या त्या साठलेल्या फ्रेम जास्त सेकंदांच्या होतात. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर दहा फ्रेम म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या आत. सेकंदाला एकच फ्रेम असेल तर त्याच दहा फ्रेम म्हणजे शेवटी दहा सेकंदांची शांतता. फाइल लहान व्हावी म्हणून लोक सेकंदाला एक फ्रेम ठेवतात आणि मग ही शेपूट कुठून आली ते शोधत बसतात.

मी ‘शॉर्टेस्ट’वर विसंबत नाही. ओपस फाइलवर एफएफप्रोब चालवून नेमका कालावधी घेतो आणि तो ‘टी’ पर्यायात सेकंदांत देतो. इथे एक खाच आहे, आणि आवाज आधी वेगळा काढायचं खरं कारण तेच. हा कालावधी मूळ एमपी३वरून घेऊ नका. बदलत्या बिटरेटच्या काही एमपी३ फाइलींत एकूण लांबी सांगणारी नोंद सुरुवातीला नसते. तेव्हा एफएफप्रोब बिटरेटवरून अंदाज बांधतं, तसा इशाराही देतं, आणि तो अंदाज कित्येक मिनिटांनी चुकू शकतो. मग भाषणाचा शेवट कापला जातो, आणि ते कळतं शेवटपर्यंत ऐकणाऱ्याला. ओपस फाइलमधला कालावधी प्रत्यक्ष उलगडलेल्या आवाजातून आलेला असतो.

काळा पडदा

आता मुख्य दुखणं. संगणकावर दिसतं, फोनवर दिसत नाही. किंवा एका ब्राउझरमध्ये दिसतं, दुसऱ्यात नाही. आवाज सगळीकडे येतो.

एफएफप्रोबमध्ये व्हिडिओची ओळ नीट वाचा. व्हीपी९च्या पुढे कंसात ‘प्रोफाइल १’ आणि त्यापुढे ‘जीबीआरपी’ किंवा ‘वाययूव्ही४४४पी’ असं असेल तर चोर सापडला. तिथे ‘प्रोफाइल ०’ आणि ‘वाययूव्ही४२०पी’ हवं.

होतं काय ते थोडं विस्ताराने सांगतो, कारण हे एकदा समजलं की निम्मे प्रश्न परत येत नाहीत. पीएनजी चित्रात प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे पूर्ण तीन आकडे असतात. नेहमीच्या व्हिडिओत असं नसतं. तिथे प्रत्येक ठिपक्याचा उजेड वेगळा नोंदवतात, पण रंग मात्र दोन बाय दोन अशा चार ठिपक्यांच्या चौकटीला मिळून एकदाच. डोळ्याला उजेडातला फरक जेवढा कळतो तेवढा रंगातला कळत नाही, त्यामुळे हे खपून जातं आणि आकडे निम्मे होतात. ४:२:० म्हणतात ते हेच. व्हीपी९चा प्रोफाइल ० फक्त ८ बिटचा ४:२:० घेतो. रंग जास्त बारकाईने ठेवायचे तर प्रोफाइल १ लागतो.

आता एफएफएमपेगचा स्वभाव असा की काही सांगितलं नाही तर तो येणाऱ्या चित्राला सगळ्यात जवळचा प्रकार निवडतो. पीएनजी दिलं, व्हीपी९ला लाल-हिरवा-निळा पूर्ण ठेवता येतो, म्हणून तसाच ठेवला. त्याच्या बाजूने यात काहीच चुकलेलं नाही. पण फोनमध्ये व्हिडिओ उलगडण्यासाठी जी चिप असते ती बहुधा प्रोफाइल ० पुरतीच बनवलेली असते. संगणकावर ब्राउझर हे काम सॉफ्टवेअरने करून टाकतो म्हणून तिथे दिसतं. ज्या यंत्रावर फाइल बनवली त्याच यंत्रावर तपासल्यामुळे हा दोष आपल्याला स्वतःला कधीच दिसत नाही.

पारदर्शक भाग असलेल्या पीएनजीत आणखी एक भानगड असते. व्हीपी८ आणि व्हीपी९ दोन्हींत पारदर्शकता ठेवता येते, तेव्हा ‘वाययूव्हीए४२०पी’ बनतं, आणि मागे जो रंग असेल तो चित्रातून दिसतो. काळ्या पानावर काळी अक्षरं गायब होतात आणि आपण कोडेकला दोष देतो. आवाजाच्या लाटा काढणारा ‘शोवेव्ह्स’ फिल्टरही पारदर्शकतेसकट चित्र देतो, त्यामुळे स्थिर चित्राऐवजी लाटा दाखवणाऱ्यांना हेच भोगावं लागतं. जेपेगही पूर्ण निर्धोक नाही, बऱ्याच चांगल्या जेपेग चित्रांत रंग ४:४:४ असतो.

उपाय एक शब्दाचा आहे: ‘फॉरमॅट=वाययूव्ही४२०पी’. तो व्हिडिओ फिल्टरच्या शेवटी टाकायचा. आता दुसरी कमांड पूर्ण देतो, ही एकाच ओळीत लिहायची:

एफएफएमपेग -लूप १ -फ्रेमरेट ५ -आय चित्र.पीएनजी -आय भाषण.ओपस -मॅप ०:व्ही -मॅप १:ए -व्हीएफ स्केल=१२८०:-२,फॉरमॅट=वाययूव्ही४२०पी -सी:व्ही लिबव्हीपीएक्स-व्हीपी९ -सीआरएफ ३२ -बी:व्ही ० -जी ५० -सी:ए कॉपी -टी २५८३.४६ भाषण.वेबएम

२५८३.४६ हा माझ्या फाइलचा कालावधी आहे, तिथे तुमचा घाला. ‘बी:व्ही ०’ विसरू नका. व्हीपी९ला सारखा दर्जा हवा असेल तर ‘सीआरएफ’सोबत बिटरेट शून्य द्यायचा असतो. ‘सीआरएफ’ ० ते ६३ मध्ये असतो आणि आकडा वाढला की दर्जा उतरतो. चित्र पारदर्शक असेल तर त्याला आधीच चित्रांच्या संपादकात पांढरी किंवा हवी ती पार्श्वभूमी देऊन टाका.

रंग किंचित फिकट किंवा वेगळे वाटले तर तो वेगळा विषय आहे: पीएनजीतून बदल करताना जुन्या टीव्हीचं गणित वापरलं जातं आणि प्लेअर मोठ्या चित्राला एचडीचं गणित लावतो. ‘स्केल’मध्ये ‘आउट_कलर_मॅट्रिक्स=बीटी७०९’ आणि पुढे ‘कलरस्पेस बीटी७०९’ दिलं की दोघांचं एकमत होतं.

पुढे सरकवलं की अडकतो

प्लेअर कुठेही उडी मारू शकत नाही. तो मागच्या कीफ्रेमवर जातो, म्हणजे जिथे पूर्ण चित्र साठवलं आहे त्या ठिकाणी, आणि तिथून पुढे वाचतो. लिबव्हीपीएक्सला काही सांगितलं नाही तर तो दोन कीफ्रेममध्ये १२८ फ्रेमपर्यंत अंतर ठेवतो. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर हे पाचेक सेकंद. सेकंदाला एक फ्रेम असेल तर दोन मिनिटांहून जास्त. म्हणून वरच्या कमांडमध्ये ‘जी ५०’ आहे, ५ च्या वेगाने दर दहा सेकंदांनी एक कीफ्रेम. याहून दाट करू नका. प्रत्येक कीफ्रेममध्ये सगळं चित्र परत लिहिलं जातं, आणि बारीक तपशिलांचा फोटो असेल तर आवाजापेक्षा चित्रच जास्त जागा खाऊ लागतं.

उडी मारताच येत नसेल आणि एकूण वेळही दिसत नसेल तर फाइल बहुधा ब्राउझरमधल्या रेकॉर्डरने बनवलेली आहे, किंवा कमांडचा निकाल पाइपमधून पुढे दिला होता. दोन्ही वेळा लिहिणाऱ्याला शेवटी मागे जाऊन कालावधी आणि सूची भरता येत नाही. ती फाइल ‘सी कॉपी’ने एका नव्या वेबएममध्ये उतरवा. काही सेकंदांचं काम आहे आणि दर्जा अजिबात घटत नाही.

चित्रावरची मराठी अक्षरं

व्हिडिओवर शीर्षक टाकायला ‘ड्रॉटेक्स्ट’ फिल्टर वापरला आणि ‘कविता’ मधली पहिली वेलांटी ‘व’च्या आधी न येता नंतर लटकली, किंवा ‘शक्ती’त ‘क’ आणि ‘त’ जुळण्याऐवजी मध्ये पाय मोडलेला दिसला, तर फॉन्ट बदलत बसू नका. मी तेच करत बसलो होतो, पाच-सहा फॉन्ट पालटून झाले. दोष फॉन्टचा नसतो. अक्षरांची जुळणी करणारी हार्फबझ ही लायब्ररी ‘ड्रॉटेक्स्ट’मध्ये एफएफएमपेगच्या ६.१ आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ च्या अखेरीस आली. त्याआधीच्या आवृत्त्या प्रत्येक चिन्ह एकामागे एक मांडून मोकळ्या होतात. इंग्रजीत ते चालून जातं, देवनागरीत नाही. नवी आवृत्ती बसवा. ते शक्य नसेल तर शीर्षक एएसएस उपशीर्षक म्हणून द्या, त्याची मांडणी लिबएएस करतं आणि ते जोडाक्षरं बरोबर जुळवतं. माझ्यापुरतं मी शीर्षक इंकस्केपमध्ये चित्रावरच लिहून टाकतो. अक्षर डोळ्यांसमोर असतं आणि रात्रभर चाललेल्या कामानंतर सकाळी चुकीचं शीर्षक बघावं लागत नाही.

जुने सल्ले

ऑग थिओरा वापरा असं सांगणारी पानं अजून सापडतात. थिओराने एके काळी मोठं काम केलं आहे, व्हीपी३वरून तो उभा राहिला आणि २००८ मध्ये १.० झाला, तेव्हा खुल्या व्हिडिओसाठी दुसरं फारसं काही नव्हतं. पण २०२४ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनी त्याचा आधार काढून घेतला. आज नवीन फाइल ओजीव्हीमध्ये करू नका. जुन्या असतील तर मूळ आवाजावरून नव्याने वेबएम करा. मूळ हरवलं असेल तर आतला व्हॉर्बिस आवाज ‘सी:ए कॉपी’ने जसाच्या तसा वेबएममध्ये नेता येतो, फक्त चित्र नव्याने एन्कोड करायचं.

एव्ही१ चांगला आहे, पण एका स्थिर चित्रासाठी त्याचा फायदा दिसत नाही आणि तो चालवणारे फोन अजून कमी आहेत. व्हीपी९ हळू वाटत असेल तर ‘रो-एमटी १’ आणि ‘सीपीयू-यूज्ड ४’ घाला.

शेवटी तयार वेबएमवर एफएफप्रोब एकदा परत चालवा. एफएफएमपेग वेबएममध्ये प्रत्येक ट्रॅकखाली त्याचा स्वतःचा ‘ड्युरेशन’ लिहून ठेवतं. व्हिडिओ आणि ऑडिओचे ते दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. ५ फ्रेमच्या वेगाला त्यांच्यात ०.२ सेकंदाच्या आसपास फरक पडू शकतो. त्याहून जास्त असेल तर ‘टी’चा आकडा चुकला आहे. आकडे जुळले, प्रोफाइल ० आहे, वाययूव्ही४२०पी आहे, तरी फाइल चढवण्याआधी ती एका फोनवर उघडा आणि मध्यावर नेऊन बघा. आयफोनवर वेबएमचा आधार बराच उशिरा आला आहे, त्यामुळे जुन्या आयफोनवर न चालल्यास फाइलमध्ये काही बदलू नका. तिथे ऐकणाऱ्यांसाठी तोच आवाज एमपी३मध्ये वेगळा ठेवा, मूळ फाइलवरून केलेला, ओपसवरून नव्हे.